कामगारांच्या पक्षात कामगारांचा अधिकार

आज १ मे. १९२३ साली याच दिवशी मद्रासच्या समुद्रकिनारी सिंगारवेलु चेट्टियार यांनी लाल बावटा फडकवून कामगार दिन साजरा केला आणि हिंदुस्थान मजूर-किसान पक्षाची घोषणा केली. महाराष्ट्रानेही आपल्या राज्यासाठी सांडलेल्या रक्ताचे स्मारक म्हणून हुतात्मा चौकात मशालधारी शेतकरी-कामगारच उभे केले आहेत. या दिवशी भाषणे पुष्कळ होतील. आम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे: कामगारांच्या नावाने चालणाऱ्या पक्षात निर्णय कोण घेतो?

मुंबईच्या गिरणगावाने या प्रश्नाला एकदा कृतीने उत्तर दिले होते. १९२७ मध्ये मुंबईत कामकरी-शेतकरी पक्ष उभा राहिला. मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर ही त्यातली माणसे बहुतेक पांढरपेशा घरांतली. पण पुढच्याच वर्षी, एप्रिल ते ऑक्टोबर १९२८, सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप लढवला आणि त्या संपात जन्मलेल्या गिरणी कामगार युनियनच्या अध्यक्षपदी अर्जुन आत्माराम आळवे हा गिरणीतलाच कामगार बसला. वर्ष संपेपर्यंत युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली. या ताकदीचे मूळ गिरणी समित्यांत होते. एरवी कामावर घेणे, काढणे, तक्रार वर पोहोचवणे हे सारे मुकादमाच्या मर्जीवर चाले. आता कामगार आपलेच प्रतिनिधी निवडू लागले, वर्गणी गोळा करू लागले आणि खात्यातले गाऱ्हाणे घेऊन थेट मॅनेजरपुढे उभे राहू लागले.

त्याच काळात लोकशाहीची याहून कठीण परीक्षाही झाली. अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. त्या खात्यात मजुरी जास्त होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला आणि पाठिंब्याची अट घातली, तेव्हा कुठे ही मागणी मान्य झाली. वर्गाची एकजूट सांगणाऱ्या संघटनेला आपल्याच रांगेतल्या शेवटच्या माणसाचे म्हणणे बाहेरून ऐकवावे लागले. ज्याच्यावर अन्याय होतो तो समितीत नसेल, तर समतेचे तत्त्व ठरावातच राहते.

मार्च १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट व कामगार नेत्यांवर भरलेल्या मीरत कट खटल्यासाठी युनियनचे सरचिटणीस डांगे, मिरजकर, आळवे यांच्यासह प्रमुख नेते पकडले गेले. त्यानंतरचा संप फसला आणि युनियनची ताकद ओसरली. सरकारची दडपशाही क्रूर होतीच. पण काही महिन्यांच्या समित्यांना पाळेमुळे धरायला अवधी मिळाला नव्हता, हेही खरे. नेता तुरुंगात गेल्यावर संघटना कोण चालवणार, याचे उत्तर शांततेच्या काळातच तयार ठेवावे लागते.

म्हणून समाजवादी पक्षाची अंतर्गत लोकशाही आम्ही शोभेची बाब मानत नाही. उत्पादनाच्या साधनांवर समाजाची मालकी असावी, हे त्याचे मूळ तत्त्व. मग स्वतःच्या कचेरीवर, निधीवर आणि वृत्तपत्रावर सभासदांची मालकी न मानणारा पक्ष कारखान्यांवर समाजाची मालकी कशी आणणार? ठरलेल्या मुदतीत अधिवेशन, गुप्त मतदानाने पदाधिकारी, सभासदांपुढे उघडा हिशेब, अल्पमताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आणि चुकलेल्या नेत्याला परत बोलावण्याची सोय, एवढे तरी हवेच. शिस्त हवी, पण ती मोकळ्या चर्चेनंतर झालेल्या निर्णयाची.

आज कामगार गिरणीच्या एका फाटकातून आत जात नाही. तो कंत्राटदाराच्या यादीत आहे, मोबाइलवरच्या ऑर्डरमागे दुचाकीवर धावतो आहे, ऊसतोडीच्या फडात आहे, घरकाम करणारी बाई होऊन चार दारे फिरतो आहे. ही माणसे सभेला गर्दी म्हणून येतात. समितीत मात्र अभावानेच दिसतात. कामगारांचे नाव घेणाऱ्या प्रत्येक पक्षाने या कामगार दिनी आपली सभासद यादी आणि समित्यांची यादी शेजारी ठेवून पाहावी. आणि सभासदांनी आपला पक्ष आपल्याला विचारतो का, हे आजच्याच सभेत उभे राहून विचारावे.