रांगेत मान, वर्गात मज्जाव

शिर्डीत साईदर्शनाला येणाऱ्या दिव्यांग भक्ताला वेगळी रांग आहे, चाकाची खुर्ची आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. आता अशाच एका नऊ वर्षांच्या दिव्यांग मुलीला घेऊन गावच्या शाळेत जाऊन पाहा. मुख्याध्यापक आधी मुलीकडे पाहतात, मग पायऱ्यांकडे आणि शेवटी आईकडे. "ताई, आमच्याकडे सोय नाही हो. हिला खास शाळेत घाला." खास शाळा कुठे? बहुधा तालुका ओलांडून, नाहीतर थेट नगरला, ऐंशी-एक किलोमीटरवर. आई मुकाट्याने पोरीला कडेवर घेऊन घरी परतते. देवाच्या दारी जिला मान, तिला सरस्वतीच्या दारातून हाकलताना कुणाची जीभ अडखळत नाही!

हा मुख्याध्यापक सरळसरळ कायदा मोडतो आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे सोळावे कलम भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगते. एकतिसावे कलम म्हणते की, चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला घराजवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. खास शाळा हवी असेल तर ती निवडायची मुलाने. त्याला तिकडे ढकलण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला कुणी दिला? सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्येच उलटून गेली. त्याबद्दल एका तरी साहेबाची वेतनवाढ रोखली गेली का?

रॅम्पचे नाव काढाल तर हसावे की रडावे कळत नाही. एक फूट चढायचे तर उतार बारा फूट लांब हवा, हे साधे प्रमाण. आमच्या शाळांत दोन-अडीच फुटांचा ओटा आणि त्याला टेकवलेली सिमेंटची चार-पाच फुटी घसरगुंडी! कठडा नाही, पावसाळ्यात शेवाळ, खाली गुरुजींच्या मोटारसायकली आणि वर पोहोचलेच तर दाराला उंबरठा. मधल्या सुट्टीत पोरे त्यावरून मजेत घसरतात. यू-डायस या सरकारी नोंदीच्या रकान्यात मात्र 'रॅम्प आहे' अशी ठळक नोंद. स्वच्छतागृहाचे दार इतके अरुंद, की खुर्ची आत जात नाही. म्हणून ती मुलगी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. हा छळ कुठल्या रकान्यात नोंदवणार?

इमारतीहून मोठा दुष्काळ शिक्षकांचा आहे. प्राथमिकला दर दहा दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढे दर पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बजावले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ४,८६० पदे मंजूर केली, म्हणजे केंद्रामागे एक. एका केंद्रात दहा-बारा शाळा. हा एकटा माणूस मोटारसायकलवर फिरत अंध मुलाला ब्रेल, कर्णबधिराला खुणांची भाषा आणि मतिमंद मुलाला शर्टाचे बटण लावायला शिकवणार! आणि पैसा? समग्र शिक्षा अभियानात एका दिव्यांग मुलामागे वर्षाला कमाल ३,५०० रुपये. दिवसाला दहा रुपयेही नाहीत. शिर्डीत हाराला याहून जास्त मोजतात.

'गरीब देशाला हे परवडत नाही' ही पळवाट आम्हाला ऐकवू नका. युनिसेफच्या २०२१ च्या हिशेबाने जगात सुमारे २४ कोटी दिव्यांग मुले आहेत. ती सारी आपापला देश श्रीमंत होईल तेव्हाच शिकणार काय? मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ साली निघाली, अंधांची १९०० साली. तेव्हा हा देश काय श्रीमंत होता? याच नगरमध्ये मिस फरार यांच्याकडे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले. मुलींना शिकवू नका म्हणत त्यांच्यावर शेण फेकणाऱ्यांचीही तक्रार हीच होती: सोय नाही, समाज तयार नाही, इतरांचे नुकसान होईल. आज दिव्यांग मूल बाकावर बसले की 'आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडेल' म्हणणारे पालक त्याच शेणफेक्यांचे वारस आहेत! खास शाळा बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. खुणांच्या भाषेत वाढणाऱ्या मुलांना त्या लागतीलही. पण खास शाळेचे नाव घेऊन गावची शाळा हात झटकते, तो दरोडा आहे.

शिर्डीने तरी ही कारणे सांगू नयेत. १९१० च्या दिवाळीत बाबांचा हात धुनीत भाजला. मुंबईहून डॉक्टर आणला, त्याला बाबांनी हात लावू दिला नाही. रोज पट्टी बांधायची ती भागोजी शिंदे या कुष्ठरोग्याने. लेंडीकडे जाताना बाबांवर छत्री धरायची तीही त्यानेच. बाबांनी भागोजीला काम दिले, आपल्या शेजारची जागा दिली. आपण काय देतो? ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला केळी, बिस्किटे आणि वर्तमानपत्रासाठी फोटो!

निळवंडे कालव्यांसाठी साई संस्थानाच्या तिजोरीतून ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. कालव्याला पैसा निघू शकतो, तर राहाता तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला नीट उतार, रुंद दार आणि पूर्णवेळ विशेष शिक्षक द्यायला का निघू नये? संस्थानाच्या स्वतःच्या शाळा आहेत. सुरुवात तिथून करा. किती दिव्यांग मुले पटावर आहेत आणि त्यांतली किती रोज वर्गात बसतात, हे आकडे फलकावर लावा. नगरपरिषदेने दिव्यांगांसाठी राखलेला पाच टक्के निधी कुठे खर्चला, तेही शेजारी लिहा. जिल्हा परिषदेने येत्या जूनपूर्वी एकेक रॅम्प टेप लावून मोजावा.

आणि पालकहो, यापुढे तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नका. 'सोय नाही' हे वाक्य शाळेच्या कागदावर, सही-शिक्क्यासह मागा. तो कागद आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा. तिथे धूळ खाऊ लागला तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे न्या. सही करायला किती मुख्याध्यापक पुढे येतात, ते आम्हालाही पाहायचे आहे.