एक अष्टमांश, पण कशाचा?

गुजरातमध्ये किंवा आसाममध्ये शेताखाली तेल लागले, तर शेतकऱ्याच्या हाती पडतो तो वापरलेल्या जमिनीचा मोबदला. तेल काढण्याचा पट्टा सरकार देते आणि रॉयल्टीही सरकारच्याच तिजोरीत जाते. अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. तेथे जमिनीच्या मालकाकडे जमिनीच्या पोटातील तेल आणि वायूचीही मालकी असू शकते. त्यामुळे टेक्सास किंवा पेनसिल्व्हेनियातील साध्या शेतकऱ्याच्या दारात कंपनीचा माणूस छापील करार घेऊन उभा राहतो. शेतकऱ्यासाठी हा सौदा आयुष्यात एखाद्या वेळी होणारा असतो. समोरच्याचा मात्र तो रोजचा धंदा असतो.

या माणसाला तिकडे ‘लँडमन’ म्हणतात. तो आधी बोनसचा आकडा सांगतो. सही झाली की एकरामागे इतके डॉलर! ही रक्कम विहीर कोरडी गेली तरी मालकाचीच राहते, म्हणून ती मोहात पाडते. परंतु तेल किंवा वायू खरोखरच लागला, तर पुढची कित्येक वर्षे घर चालणार असते ते रॉयल्टीवर.

सौद्याला बसण्यापूर्वी शहाणा मालक एक गोष्ट तपासून घेतो. खाली जे आहे ते आपलेच आहे ना? पूर्वीच्या एखाद्या मालकाने जमीन विकताना खनिजांचा हक्क स्वतःकडे राखून ठेवलेला असू शकतो. आपल्याकडे सातबारा पाहतात, तशी तेथे काउंटीच्या दप्तरातील जुनी खरेदीखते पाहावी लागतात.

ग्यानबाची मेख

रॉयल्टीचा जुना, रूढ दर म्हणजे एक अष्टमांश, म्हणजेच शेकडा साडेबारा. पेनसिल्व्हेनियात तर १९७९ च्या कायद्याने यापेक्षा कमी दर देण्यास मनाई केली. टेक्सासच्या चांगल्या पट्ट्यात मालक एक पंचमांश, कधी एक चतुर्थांशही मागतात. बहुतेक घासाघीस या अपूर्णांकावरच होते. खरी मेख मात्र पुढच्या ओळीत असते: हा हिस्सा नेमका कोणत्या रकमेचा?

वायू विहिरीतून निघाला की लगेच विकला जात नाही. तो गोळा करणे, स्वच्छ करणे, दाबाने नळातून पुढे पाठवणे यांना खर्च येतो. समजा, हजार घनफूट वायू ३ डॉलरला विकला गेला आणि त्यावर १ डॉलर खर्च झाला. पूर्ण किमतीवर एक अष्टमांश धरला, तर मालकाला साडेसदतीस सेंट मिळतात. खर्च वजा करून उरलेल्या २ डॉलरवर शेकडा १५ धरले, तर मिळतात फक्त ३० सेंट. दर वाढवून घेतल्याच्या आनंदात मालक घरी जातो आणि धनादेश मात्र लहान येतो.

हा वाद न्यायालयांतही गेला. ‘खर्च वजा करू नये’ असे करारात लिहिलेले असूनही टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने दिला. कारण त्याच करारात रॉयल्टी ‘विहिरीपाशी असलेल्या बाजारभावावर’ ठरली होती, आणि विहिरीपाशीचा भाव म्हणजे पुढचे खर्च वगळूनच काढलेला भाव. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये असे खर्च आधी वजा करण्यास मान्यता दिली. म्हणून जाणकार वकील ‘विहिरीपाशी’ हे शब्दच काढून टाकतात आणि ‘विक्रीतून आलेल्या एकूण रकमेवर, कोणताही खर्च न कापता’ असे स्पष्ट लिहून घेतात. कंपनी आपल्याच दुसऱ्या कंपनीला स्वस्तात माल विकत असेल, तर भाव कसा धरायचा, हेही ते ठरवून घेतात. हिशेबाच्या वह्या तपासण्याचा हक्कही सोडत नाहीत.

जमीन अडकू नये म्हणून

कराराची पहिली मुदत बहुधा तीन ते पाच वर्षांची असते. पण उत्पादन सुरू झाले, की ते चालेल तोवर करार चालतो. एका कोपऱ्यात एक विहीर खणून कंपनी सगळी जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवू शकते. यावर ल्युइझियानातील लॉरेन्स प्यू या वकिलाने १९४७ मध्ये उपाय काढला. मुदत संपल्यावर विहिरीच्या गटात न आलेली जमीन मोकळी व्हावी, असे हे कलम आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. विहीर बंद ठेवून वर्षाला किरकोळ रक्कम देत करार जिवंत ठेवण्याची तरतूदही असते. तिला कमाल वर्षांची मर्यादा घालून घेतलेली बरी.

वरच्या जमिनीचेही आधीच ठरवावे लागते. टेक्सासमध्ये खनिजाचा हक्क वरच्या जमिनीच्या हक्कापेक्षा वरचढ मानतात. रस्ता कोठून जाईल, घरापासून विहीर किती दूर असेल, पिण्याच्या पाण्याची तपासणी खोदण्यापूर्वी कोण करून देईल, हे कागदावर नसेल तर नंतर मालकाचे फारसे चालत नाही.

छापील करार बदलता येत नाही, असे लँडमन सांगतो. प्रत्यक्षात तो बदलता येतो, पण सहीपूर्वीच. शेजारपाजारचे मालक एकत्र येऊन एकच वकील करतात तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन येते, कारण कंपनीला सलग जमीन हवी असते. एकट्याने पहिल्याच भेटीत सही करणाऱ्याला बोनसचा धनादेश लवकर मिळतो. शेजाऱ्यापेक्षा आपल्याला कमी का, हा प्रश्न मात्र त्याला पुढे दर महिन्याच्या हिशेबात पडतो.