गोळीचं नाव विचारा

गेल्या वर्षी आमच्या सल्ला केंद्रात एक तरुण आला. जन्मदाखल्यावर मुलगी अशी नोंद, पण तो स्वतःला पुरुष म्हणूनच ओळखतो. 'आधी आईवडिलांना घेऊन या' म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं, तेव्हा व्यायामशाळेतल्या ओळखीच्याकडून टेस्टोस्टेरॉनच्या म्हणून मिळालेल्या गोळ्या तो घेऊ लागला. दोन महिन्यांनी अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे झाले. "ताई, याने लिव्हर खराब होतं का?" पुडीवर गोळीचं नावच नव्हतं. काय उत्तर देणार?

कारण उत्तर नावावरच अवलंबून आहे. नुसतं टेस्टोस्टेरॉन गिळलं तर ते आतड्यातून यकृतात जातं आणि बहुतेक तिथेच संपतं. म्हणून १९३० च्या दशकात मिथाइल टेस्टोस्टेरॉन तयार झालं. यकृताला ते सहज मोडता येत नाही, आणि धोका तिथेच आहे. पित्त अडून कावीळ होते, यकृतात रक्ताच्या पोकळ्या होतात, कधी गाठीही होतात. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट मात्र तेलातून देतात. जेवणासोबत घेतलं की त्यातलं बरंचसं लसीकावाहिन्यांतून रक्तात जातं, यकृताचा पहिला फेरा टळतो. अमेरिकेत २०१९ साली त्याला मान्यता मिळाली, ती आजारामुळे हे संप्रेरक कमी पडणाऱ्या पुरुषांसाठी, आणि रक्तदाब वाढण्याच्या ठळक इशाऱ्यासह. म्हणजे 'लिव्हर जातं' आणि 'काही होत नाही', दोन्ही अर्धवटच.

'हा पुरुषांचा विषय, आपला काय संबंध?' असं एका बैठकीत विचारलं गेलं. मैत्रिणींनो, पूर्व जर्मनीच्या खेळाडू मुली आठवा. १९७० च्या दशकात सरकारी योजनेतून त्यांना ओरल-ट्यूरिनाबोल दिलं गेलं. ते मिथाइल टेस्टोस्टेरॉनचंच भावंड. अनेकींना ही जीवनसत्त्वं आहेत असं सांगितलं होतं. आवाज घोगरे झाले, पाळी बिघडली, काहींच्या यकृताला इजा झाली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयानं क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मान्फ्रेड हॉप्नर यांना दोषी ठरवलं. आपल्याकडे १९८६ साली नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हाही प्रश्न हाच होता: माझ्या शरीरात काय घालताय, ते मला सांगितलंत का?

आमच्या तरुणाला एका सरकारी डॉक्टरबाईंनी नीट तपासलं. बिलिरुबिन वाढलेलं होतं. गोळ्या बंद केल्यावर ते उतरलं. आता तो त्यांच्याच देखरेखीखाली इंजेक्शन घेतो, ठरल्या वेळी रक्त तपासून घेतो. हेच आधी झालं असतं तर?

चोरून विकणाऱ्याचा दोष आहेच. पण दार बंद करणाऱ्या डॉक्टरांनीच त्याला गिऱ्हाईक मिळवून दिलं, असं माझं स्पष्ट मत आहे. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, मराठीत माहिती, यकृत आणि रक्तदाबाची तपासणी, एवढं तरी आपण मागू या. आणि प्रत्येक गटानं आपल्या तालुक्यात असा एक तरी डॉक्टर शोधून ठेवावा, जो आलेल्याला परत पाठवणार नाही.