तण काढण्याची नोकरी

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या आईला, मुलगा परदेशात नेमकं काय करतो हे कळलं, तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला होता : "कस तेगियो केलस?" म्हणजे, तण काढायचं काम? माउलीचं माहेर बैलहोंगलकडचं. फार आश्चर्य वाटलं किंवा फार राग आला की ती कानडीतच बोलते. त्या दिवशी दोन्ही होतं.

मुलगा पीयूसीला माझ्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर असायचा. पुढं धारवाडच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री झाला, मग ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात पुढचं शिक्षण, आणि तिथल्याच एका ग्रामीण कौन्सिलमध्ये नोकरी. कौन्सिल म्हणजे आपल्याकडच्या तालुका पंचायतीसारखी स्थानिक संस्था समजा. हुद्दा तण नियंत्रण अधिकारी. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मला बाजारात गाठून विचारलं होतं, "मास्तर, इथं भांगलायला बाया मिळेनात म्हणून आमची रड, आणि ह्यो शिकून सवरून तिकडं गोऱ्यांचं भांगलतोय. पावण्यांना सांगू तरी काय?"

जाता जाता एक गंमत. मराठीत 'कस' म्हणजे जमिनीची ताकद आणि कानडीत 'कस' म्हणजे केरकचरा, शेतातलं तण. आपल्यासारख्या दोन्ही भाषांच्या घरांत हा शब्द रोज ये-जा करतो आणि कुणी अडखळत नाही. वर्गात मी हे उदाहरण अनेकदा दिलं आहे. पण ज्या तणाबद्दल आज लिहितो आहे, त्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच बांधावर भेटतात. ते माजलं की जमिनीचा कस जातो आणि कस उरतो.

हे तण म्हणजे गाजर गवत. काँग्रेस गवतही म्हणतात. कानडीत काँग्रेस गिड किंवा काँग्रेस कळे. शास्त्रीय नाव पार्थेनियम. 'काँग्रेस' का, तर कुणी म्हणतं पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळं, कुणी म्हणतं ते आलं त्या काळच्या राजवटीमुळं. मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडं त्याची ठळक नोंद झाली ती १९५५ साली पुण्यात. पी.एल. ४८० योजनेतल्या अमेरिकी गव्हाबरोबर ते आलं असं सर्रास सांगतात. जुन्या वनस्पतिसंग्रहांच्या आधारे काही अभ्यासक मात्र ते एकोणिसाव्या शतकातच देशात होतं म्हणतात. योगायोग असा, की क्वीन्सलंडमधली त्याची पहिली नोंदही १९५५ चीच. पुढं १९६० मध्ये टेक्ससहून आणलेल्या गवताच्या बियाण्यात मिसळून ते क्लेरमाँट गावाच्या परिसरात पुन्हा शिरलं आणि तिथून गुरांच्या कुरणांत पसरलं. एक झाड १५ ते २५ हजार बिया टाकतं. बी इतकं बारीक, की टायरच्या चिखलात, शेणखतात, मुरमात, बैलाच्या खुरात कुठंही बसून प्रवास करतं.

आता आप्पांची गोष्ट. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांच्या पापण्या सुजायला लागल्या. मग मान, कानामागची जागा, कोपरांचे सांधे. कातडी जाड, काळी, भेगाळलेली, आणि संध्याकाळी अंगाची अशी आग व्हायची की जेवणाच्या ताटावरून उठावं लागायचं. गावात आधी गजकर्ण म्हणून मलम झालं. मग कुणीतरी करणीची शंका काढली आणि दोन वर्षं त्यात गेली. अखेर एका त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली आणि सांगितलं, ही गाजर गवताची ॲलर्जी आहे. त्या झाडाच्या अंगावरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वर्षानुवर्षं संपर्क आला की काही माणसांचं शरीर त्याच्यावर उलटतं, आणि एकदा उलटलं की सहसा पुन्हा सरळ होत नाही. वाळलेल्या झाडाची धूळ वाऱ्यावर आली तरी पुरे. चाळिशी ओलांडलेल्या शेतकऱ्यांत हे जास्त दिसतं. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आप्पांच्या शेजारी पंगतीला बसायला लोक का-कू करत होते, हे मी पाहिलं आहे.

डॉक्टरांनी औषधं दिली, आणि वर सांगितलं, "त्या गवतापासून लांब राहा." शेतकऱ्याला हे सांगणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी शेत आहे त्यांना कळेल. आप्पा तोंडाला उपरणं गुंडाळून बांधापर्यंत जायचे, पुढं जायचे नाहीत. भात लावणीच्या दिवसांत ते सोप्यावर बसून असत.

मुलाच्या नोकरीतलं तणही नेमकं हेच. हे आप्पांना दोन-तीन वर्षं माहीतच नव्हतं. 'तिकडचं गवत' म्हणजे काहीतरी तिकडचंच असणार, असा त्यांचा समज. मुलानंही सांगितलं नाही. मी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, "सर, वडिलांना ज्यानं घरात बसवलं त्याच्यावर माझा पगार चालतो, हे कसं सांगू?"

मागच्या वर्षी मे महिन्यात धाकट्या भावाच्या लग्नासाठी तो आला. मांडवात वरबापाच्या गळ्यात घालायला शेवंतीचा जाड हार आणला होता. यानं तो पुढं येऊन काढून घेतला आणि मोगऱ्याचा मागवला. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. ज्येष्ठ चुलते रागावले, "परदेशात जाऊन हारसुद्धा खुपायला लागला व्हय?" त्यानं तिथंच समजावलं, की शेवंती, सूर्यफूल ही गाजर गवताच्याच कुळातली, आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. आप्पा तेव्हा म्हणाले, "म्हणून दर दसऱ्याला डोळं सुजत होतं." पंधरा वर्षं देवाला शेवंती वाहणारे हात त्यांचेच. त्या रात्री बापलेकांत पहिल्यांदा या नोकरीविषयी नीट बोलणं झालं. मी तिथं होतो, म्हणून लिहू शकतो.

काम काय, तर सकाळी गाडी घेऊन रस्त्यांच्या कडा बघत जायचं. एखादं झाड दिसलं की नकाशावर खूण, फवारणी, आणि त्या जागेला पुन:पुन्हा भेट. तिथल्या २०१४ च्या जैवसुरक्षा कायद्यानुसार आपल्या जमिनीवरून असं तण पसरू नये म्हणून शक्य तेवढी खबरदारी घेणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, आणि स्थानिक कौन्सिलला त्यासाठी आराखडा करावा लागतो. अधिकाऱ्याला खासगी जमिनीत जाऊन पाहणी करता येते, मालकाला लेखी आदेश देता येतो. "पण आदेश हा शेवटचा उपाय," तो म्हणाला. "निम्मं काम चहा पिण्याचं. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं, मग विषय काढायचा." जागोजागी गाड्या धुण्याचे तळ आहेत. ट्रक, ट्रॅक्टर तिथं जोरदार पाण्यानं खालून वरून धुतात. धान्य किंवा चारा विकताना त्यात कुठलं बी असू शकेल, हे विक्रेता लिहून देतो.

शेजारचं राज्य न्यू साउथ वेल्स. तिथं हे तण पहिल्यांदा सापडलं १९८२ मध्ये. क्वीन्सलंडमधून गहू कापणीची मोठाली यंत्रं हंगामाबरोबर दक्षिणेकडं सरकतात. तेव्हा ती साफ करून, तपासणी होऊनच सीमा ओलांडू शकतात. हे ऐकून आप्पा हसले. सीमा म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं, ते इथं सांगायला नको. "आमच्यात शिनोळीच्या पुढं गेलं की पाट्या बदलत्यात, एस.टी. बदलत्या," ते म्हणाले, "टायरचा चिखल कोण बघतंय?"

कायदा आपल्याकडं नाही असं नाही. कर्नाटकात १९७५ सालीच गाजर गवताला कायद्यानं उपद्रवी तण जाहीर केलं होतं. कायदा आहे, पण गावपातळीवर ते ज्याचं रोजचं काम आहे असा माणूस नाही. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकारानं दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह होतो. हेतू चांगला, भाषणंही चांगली होतात. मात्र आपल्या भागात जूनच्या पावसाबरोबर उगवलेलं गवत ऑगस्टपर्यंत फुलून गेलेलं असतं. या मुलाच्या गावातही स्वातंत्र्यदिनाच्या आधी नाहीतर गणपतीच्या तोंडावर रस्त्याकडेचं गवत कापायची पद्धत. कापून ढीग तिथंच. म्हणजे फुलं झाली, बी झालं, आणि मग आपणच ते झाडून पसरवलं.

एक किडाही आहे. मेक्सिकोतला भुंगेरा, फिकट अंगावर तपकिरी रेघा असलेला. क्वीन्सलंडनं तो १९८० मध्ये सोडला. बेंगळूरच्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये आणून पुढच्या वर्षी सोडला. तो या गवताची पानं खाऊन झाडाचा खराटा करतो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला आणि कर्नाटकात मोठा गदारोळ झाला, चौकशी समिती बसली. संशोधनात दिसलं ते असं, की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडलेले असले की किडा फसून तिकडं वळतो. आता तो पावसाळ्यात आपसूक दिसतो. दिसला तर मारू नका. कोरड्या दिवसांत मात्र तो मातीत दडून असतो, आणि गवत थोड्याशा ओलीवरही उगवतं. त्यामुळं सगळा भार किड्यावर टाकून चालत नाही.

लग्नानंतर मुलगा पाऊस पडेपर्यंत थांबला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गवत जमिनीलगत पसरलेलं, गाजराच्या पाल्यासारखं असतं. तेव्हा ओल्या मातीतून मुळासकट उपटता येतं. त्यानं ग्रामपंचायतीत अर्ज दिला. उत्तर मिळालं, निधी ऑगस्टमध्ये. शेजारचा पडीक प्लॉट पुण्याला राहणाऱ्या एका माणसाचा. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "माझ्या जागेत कुणी पाय ठेवायचा नाही." क्वीन्सलंडमध्ये अनोळखी माणसाच्या हजारो एकरांत कायद्यानं जाऊ शकणारा हा गडी स्वत:च्या गावात दोन गुंठ्यांच्या तारेबाहेर उभा राहिला.

शेवटी गावातल्या तरुण मंडळानं दोन रविवार दिले. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट, नाकातोंडाला फडकं, आणि ज्याला आधीच खाज आहे त्यानं घरी थांबायचं, एवढी अट. उपटलेलं गवत फुलाआधीचंच होतं, त्यामुळे खड्ड्यात घालून खत करता आलं. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचं बी टाकलं. कानडीत तगचे म्हणतात तो. आपण पहिल्या पावसात त्याची भाजी खातो. टाकळा आणि त्याच्या जातीची झुडपं दाट उगवली की गाजर गवताला जागा देत नाहीत, हे कर्नाटकातल्याच प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हाताऱ्या बायकांना ही गोष्ट सगळ्यात पटली. तण घालवायला भाजी पेरायची, यात त्यांना व्यवहार दिसला. पुण्याच्या मालकाचा प्लॉट तसाच राहिला. त्याचं बी वाऱ्यानं येणारच.

जाताना मुलगा कॅलेंडरवर तारखा लिहून गेला. दर तीन आठवड्यांनी एक फेरी, फूल दिसायच्या आत. "किती वर्षं?" मी विचारलं. "मातीत बी आहे सर. चार-पाच वर्षं तरी." आईनं डबा बांधून देताना पुन्हा कानडीतच काहीतरी पुटपुटलं. या वेळी राग नव्हता.

यंदाच्या जूनमध्ये आप्पांचा मला फोन आला. पापण्या अजून जड आहेत, औषध चालू आहे. पण सकाळी ऊन चढायच्या आत तोंडाला फडकं बांधून ते रस्त्यानं एक चक्कर मारतात, बांधावरून बघतात. म्हणाले, "मास्तर, त्याचा फोन आला तर सांगा. रस्त्याकडेला नवा मुरूम टाकलाय, त्यात परत उगवलंय. हातभर जागा हाय. फूल न्हाई अजून."