मालकी कोणाची, लाभ कोणाचा?

‘समाजवाद’ म्हटले की व्यापारी मनास प्रथम आपल्या दुकानाची काळजी वाटते. वस्तुतः या विचाराचा मूळ प्रश्न मोठ्या साधनांचा आहे : जमीन, पाणी, कारखाने, भांडवल कोणाच्या हाती असावे आणि त्याचे फळ कोणास मिळावे? साम्यवाद क्रांतीचा मार्ग सांगतो, तर लोकशाही समाजवाद मतपेटीचा. महाराष्ट्रात एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांनी हा दुसरा मार्ग रुजवला.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे शेतकऱ्यांबरोबर लहान दुकानदारही कर्जाच्या प्राधान्यक्रमात आले. म्हणजे या विचाराचा लाभ आपल्या पेढ्यांनाही झाला.

तथापि सरकारी मालकी म्हणजेच समाजवाद नव्हे. भोरजवळचे भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले, तेही सरकारनेच बांधले. जमिनी इथल्या बुडाल्या. पाणी मात्र नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटणकडे गेले. तिकडची शेते फुलली हे चांगलेच झाले. परंतु ज्यांनी जमीन दिली त्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न मालकी सार्वजनिक असूनही उरतोच.

म्हणून कोणत्याही पक्षाचा जाहीरनामा आपण खतावणीसारखा वाचावा. जमेला कोण आणि नावे कोण, हे दोन्ही रकाने पाहिल्याखेरीज मत बनवू नये.