पळून पोट भरतं का?

सुरतेला जाण्याचा योग अलीकडे आला तो एका लग्नाच्या निमित्ताने. मुक्काम नवागामला होता. गोव्यातल्या माणसाला सुरत म्हटलं की हिरे आणि साड्या आठवतात. पण उधन्याच्या पुढे नवागाम-डिंडोलीच्या गल्ल्यांत शिरलात, तर आपण गुजरातेत आहोत हे दुकानांच्या पाट्या वाचूनच कळतं. कानांवर पडते ती खानदेशी. धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं इथे गिरण्यांत कामाला आली आणि इथलीच झाली.

ज्या घरी उतरलो होतो तिथला धाकटा मुलगा पहाटे चारला उठून बाहेर पडे. डिंडोलीपलीकडे खरवासाच्या रस्त्याला ट्रक सुरू होण्यापूर्वी बारा किलोमीटर पळून यायचं, हा त्याचा नेम. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीत चौथा आलेला. पाच हजार मीटर पंधरा मिनिटं चाळीस सेकंदांत पळतो. वडील डाईंग मिलमध्ये, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. कॉलेज संपल्यावर पुढे काय, असं मी सहज विचारलं. उत्तर आईने दिलं. हातातली टिकली खाली न ठेवता ती म्हणाली, "पयीसन पोट भरस का, भाऊ?"

या प्रश्नावर मी गप्प बसलो, कारण तो चुकीचा नव्हता.

लोकरक्षक भरतीचा अर्ज घरात ठेवलेला होता. गुजरात पोलिसांत शिपाई व्हायचं तर पुरुष उमेदवाराने पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत पळायचे. पूर्वी वेळेनुसार गुण मिळत, आता ही धाव नुसती पात्रतेपुरती आहे. म्हणजे हा मुलगा पळून आला की नऊ मिनिटं चहा पीत बसला तरी चालेल. चोवीस मिनिटं नि पन्नास सेकंदांत धापा टाकत येणारा आणि हा, दोघे एकाच रांगेत. महाराष्ट्रात निदान सोळाशे मीटरच्या वेळेला गुण तरी आहेत. पण तिथेही शर्यत भरतीपुरतीच. नंतर बंदोबस्त.

आपल्याकडे धावणं हा व्यवसाय नाही, नोकरीचा दरवाजा आहे. दरवाजा उघडला की धावणाऱ्याने आत जाऊन खुर्चीवर बसायचं, अशी सगळ्यांचीच समजूत आहे. आणि लांब पल्ल्याच्या धावपटूचं दुर्दैव असं की त्याचं शरीर पिकतं ते पंचविशीनंतर. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. शर्यतींकडे वळला तो २०१५ च्या सुमारास. २०१८ साली भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनींचा ३७ वर्षांपूर्वीचा स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं रौप्य २०२२ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षात. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागाने! माणदेशातली ललिता बाबर २०१६ साली रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती.

या दोघांना मधली वर्षं कुणी दिली? साबळेला सैन्याने, ललिताला रेल्वेने. पगार चालू आणि सराव हीच ड्युटी. पण खेळाडूंच्या कोट्यात शिरायला आधी पदक दाखवावं लागतं. विद्यापीठात चौथ्या आलेल्याकडे दाखवायला काय असतं? एक प्रमाणपत्र, तेही लॅमिनेट केलेलं.

नवागामच्या पोराला उदाहरण शोधायला बीडला जायचीही गरज नाही. सुरतेहून पूर्वेला डांगच्या जंगलात गेलं की गायकवाड, गावित हीच आडनावं भेटतात आणि बोलीही मराठीच्या शेजारची. करडीआंब्याची सरिता गायकवाड आधी खो-खो खेळायची. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेत सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींत ती होती. पुढे गुजरात सरकारने तिला पोलिस उपअधीक्षकपद दिलं. कुमारबंधच्या मुरली गावितने २०१९ मध्ये दोहाला आशियाई अजिंक्यपदात दहा हजार मीटरचं कांस्य मिळवलं. सरिताला 'डांग एक्स्प्रेस' म्हणतात, नाशिककडच्या कविता राऊतला 'सावरपाडा एक्स्प्रेस'. गावातून कुणी पळत निघालं की आपण लगेच त्याची एक्स्प्रेस करतो, पण रूळ कोण टाकणार हे विचारत नाही. असो.

कुणी म्हणेल, मॅरेथॉनमध्ये आता पैसा आहे. आहे ना. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पहिल्या भारतीय धावपटूला पाच लाख मिळतात. पण ते पहिल्याला, तेही वर्षातून एकदा. मोठ्या उद्योगांची प्रतिष्ठानंही खेळाडू सांभाळतात, पण बहुतेक वेळा चमकून गेलेलेच. आम्ही गोंयकारांनी याबाबत फार बोलू नये. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आमच्याकडे झाल्या, बांबोळीच्या ट्रॅकवर देशभरचे धावपटू पळाले. टाळ्या आम्हीही वाजवल्या. पण त्यातल्या किती पोरांचं कॉलेज नुकतंच संपलेलं होतं आणि पुढच्या महिन्याचा खर्च कोण करणार होतं, हा विचार मला नवागामला गेल्यावर सुचला, तिथे बसून सुचला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे की पदवी आणि नोकरी यांच्यामधली तीन वर्षं विकत घेता आली पाहिजेत. सगळ्यांसाठी नाही. विद्यापीठाच्या प्रत्येक लांब शर्यतीत पहिल्या सहांत आलेल्यांना खोली, खुराक, बूट आणि घरी पाठवायला थोडे पैसे. तीन वर्षांत वेळ सुधारली नाही तर भरतीचा दरवाजा आहेच, तोवर वयही उलटलेलं नसतं. ज्या सुरतेत एका लग्नाच्या मांडवावर लाखांची फुलं लागतात (मी नुकतीच पाहून आलोय), तिथे सहा पोरांचा खुराक जड होऊ नये. मुलाने कर्ज काढून, आईच्या टिकल्यांवर हा जुगार खेळावा असं मात्र मी त्याला सांगू शकलो नाही.

निघायच्या दिवशी कळलं की त्याचे सर नाशिकला वर्षभर सरावाला चल म्हणताहेत. अर्ज भरून झाला होता. वडील काहीच बोलत नव्हते. मी बॅग उचलली तेव्हा आईने हळूच विचारलं, "नाशकाला खोलीचं भाडं काय असेल हो, भाऊ?"