काकांचा उजवा हात आणि चुंबकाचा उपचार

गेल्या रविवारी सकाळी शेजारच्या काकी आमच्या विठ्ठलवाडीच्या घरी आल्या. एका हातात झेरॉक्सचा कागद होता, दुसऱ्या हाताने पदराची गाठ घट्ट धरली होती. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं लिहिण्या-वाचण्याचं काम. एवढं वाचून सांगा. डोक्याला चुंबक लावला की गेलेला हात परत येतो म्हणे. पोराने चौकशी केली आहे. पैसे आधी भरावे लागतात." मग त्यांनी गाठ सोडली. आत त्यांची सोन्याची पोत होती.

काका उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कापडाच्या थरावर खडूने खूण करायची आणि त्या खुणेवरून केसभरही न हलता कापायचे, हे त्यांचे काम. नऊ महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला. पाय बराचसा सुधारला, काठी घेऊन चालतात. बोलणेही आता समजते. पण उजवा हात मांडीवर पडून असतो. खांदा थोडा उचलतो, मनगट थोडे वळते, बोटे जेमतेम उघडतात. ज्याचे सारे घर उजव्या हाताच्या तीन बोटांवर चालत होते, त्याला "जिवावरचे हातावर गेले" म्हणून समाधान मानायला सांगणे सोपे नाही.

माझी चूक आधी कबूल करतो. त्या दिवशी सकाळी काकांचे तोंड वाकडे झाले, हातातला कप सुटला, तेव्हा मला बोलावले होते. मी म्हणालो, साखर कमी झाली असेल, साखरपाणी द्या, थोडे पडू द्या. कोणी म्हणाले वारा गेला, तेल लावा. एका शहाण्याने कबुतराचे रक्त चोळायला सांगितले. या सगळ्यात दुपार झाली. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही आधी सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. ते तास आम्ही घरातच घालवले. म्हणून सांगतो, तोंड एका बाजूला ओढले गेले, एक हात उचलला की खाली पडतो, बोलणे अडखळते, असे काहीही दिसले तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका, घशात अडकते. १०८ ला फोन करा. आणि रात्री-अपरात्री सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन आपल्या भागात कुठे मिळते ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. बदलापूरच्या टोकाला राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता काकींच्या कागदाकडे येऊ. कागदावर लिहिले होते, "रुग्णाच्या मेंदूनुसार वैयक्तिक चुंबकीय उपचार". शब्द भारदस्त होते. मी बी.कॉम. माणूस, डॉक्टर नाही. पण गेले आठ दिवस कचेरी सुटल्यावर याच विषयामागे होतो. ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना दोनदा भेटलो, त्यांनी दिलेले वाचले. जे पक्के कळले तेवढेच लिहितो.

पहिली गोष्ट, चुंबक म्हणजे सगळे एक नव्हे. रेल्वे पुलावर तांब्या-चुंबकाची कडी विकायला बसतात, चुंबकाचे पट्टे विकतात, चुंबकाच्या भांड्यातले पाणी पाजतात. त्याने लकव्याचा हात हलत नाही. कारण आपण शाळेत शिकलो आहोत, फक्त विसरलो. सायकलचा डायनॅमो आठवा. चाक फिरते तोवर दिवा लागतो, चाक थांबले की दिवा विझतो. डायनॅमोतला चुंबक तर जागेवरच असतो, मग दिवा का विझला? कारण वीज चुंबकाने होत नाही, चुंबकाचे क्षेत्र बदलत राहिले तर होते. मायकेल फॅरेडेने हे १८३१ साली दाखवून दिले. मनगटात घातलेले कडे म्हणजे उभी केलेली सायकल.

दवाखान्यातले यंत्र याच नियमावर चालते. इंग्लंडमध्ये शेफिल्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली ते प्रथम माणसावर वापरून दाखवले. तांब्याच्या तारेचे वेटोळे, बहुधा इंग्रजी आठच्या आकाराचे, डोक्यावर धरतात. त्यातून क्षणभर प्रचंड वीज सोडतात. एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात चुंबकीय क्षेत्र वर चढते आणि खाली येते. ते कवटीतून आरपार जाते आणि खाली मेंदूत छोटासा वीजप्रवाह उठवते. वेटोळे हाताच्या जागेवर बरोबर असेल तर समोर बसलेल्या माणसाचे बोट आपोआप उडते. शस्त्रक्रिया नाही, सुई नाही. टक्-टक् आवाज येतो आणि डोक्यावर टिचकी मारल्यासारखे वाटते.

लकव्यात याचा उपयोग कसा? मेंदूचा डावा भाग उजव्या हाताला हुकूम देतो. काकांचा डावा भाग दुखावला. आता दोन्ही भाग एकमेकांना थोडे दाबून ठेवत असतात. एक आजारी पडला की दुसरा जास्तच शिरजोर होतो आणि आजाऱ्याला डोके वर काढू देत नाही, असा एक सिद्धांत आहे. मग चांगल्या बाजूवर सेकंदाला एक असे सावकाश ठोके देऊन तिला थोडे शांत करायचे, किंवा आजारी बाजूवर जलद ठोके देऊन तिला जागवायचे. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० साली सगळा पुरावा तपासला. लकव्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हाताच्या सुधारणेसाठी सावकाश ठोक्यांच्या पद्धतीला त्यांनी वरची श्रेणी दिली. म्हणजे ही थाप नाही. कोणी सरसकट "फसवणूक" म्हणून मोकळा होत असेल तर तोही चूक.

पण खात्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेत बारा केंद्रांवर १९९ रुग्ण घेऊन एक मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१८ साली छापून आला. सगळ्यांना लकवा होऊन तीन ते बारा महिने झालेले, म्हणजे आपल्या काकांसारखेच. प्रत्येकाच्या स्वतःच्या एमआरआयवरून हाताची नेमकी जागा शोधून तिथेच ठोके दिले. निम्म्याहून अधिकांना खरे ठोके, बाकीच्यांना नुसता आवाज करणारे खोटे वेटोळे. कोणाला काय मिळाले ते रुग्णाला माहीत नाही. आणि सगळ्यांना सहा आठवडे हाताचा कसून सराव. सहा महिन्यांनी मोजले तर खरे ठोके मिळालेल्यांपैकी शंभरात ६७ जणांचा हात ठरवलेल्या मापापेक्षा जास्त सुधारला होता. खोट्या वेटोळ्याच्या गटात ६५ जणांचा.

मी हे आकडे काकींना वाचून दाखवले. त्यांनी चटकन विचारले, "म्हणजे खोट्यावालेपण सुधारले?" मी म्हटले, होय. "मग त्यांना काय मिळालं होतं?" सराव. काकी पहिल्यांदा खाली बसल्या. शिक्षण चौथीपर्यंत, पण आठ दिवसांत मला जे कळले त्याचे सार त्यांनी एका प्रश्नात काढले.

मग "वैयक्तिक" या शब्दाचा अर्थ काय? एक अर्थ जागेचा, तो वरच्या चाचणीत आलाच. दुसरा अर्थ वेळेचा, आणि खरी नवी गोष्ट ती आहे. आपला मेंदू एकसारखा चालत नाही, त्यात लाटा असतात. डोक्याला तारा लावून काढलेल्या आलेखात, ज्याला ईईजी म्हणतात, त्या दिसतात. लाटेच्या एका क्षणी मेंदू हुकूम सोडायला तयार असतो, दुसऱ्या क्षणी नसतो. लोकल हलायला लागल्यावर आणि थांबल्यावर आपण सारखाच पाय टाकत नाही, तसेच. जर्मनीत ट्युबिंगन इथे धडधाकट माणसांवर प्रयोग झाले, ते २०१८ साली प्रसिद्ध झाले. लाटेची योग्य वेळ गाठून ठोके दिले तर परिणाम टिकतो, भलत्या वेळी दिले तर टिकत नाही, असे त्यांत दिसले. अमेरिकेत टेक्सासमध्ये ऑस्टिन इथल्या विद्यापीठात सारा हुसैन यांच्या गटाने पुढचे पाऊल टाकले आहे. लकवा झालेल्या प्रत्येक माणसाचा आलेख कॉम्प्युटरला शिकवायचा, त्याच्या मेंदूकडून हाताकडे जाणारा उरलासुरला रस्ता केव्हा उघडा असतो ते ओळखायचे आणि नेमक्या त्या क्षणी ठोका द्यायचा. अशा क्षणी हाताचे स्नायू जास्त जोराने उत्तर देतात असे त्यांना आढळले. आनंदाची बातमी आहे. पण ही प्रयोगशाळेतली बातमी आहे. त्यातून एखाद्या मास्तराची बोटे खडू धरायला लागली, इथवर ती अजून पोहोचलेली नाही. काकींच्या कागदावर ईईजीचे नावही नव्हते. सगळ्यांना तेवढ्याच बैठका, तेवढेच पैसे. मग वैयक्तिक ते काय, पावतीवरचे नाव?

तिसरा एक अर्थ मला सर्वांत उपयोगी वाटला आणि त्याची जाहिरात कोणीच करत नाही. हे यंत्र उपचारापेक्षा तपासणीसाठी चांगले आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर यांनी एक पद्धत बसवली आहे. लकव्यानंतर तीन दिवसांनी खांदा बाजूला किती उचलतो आणि बोटे किती उघडतात ते पाहायचे. बरी ताकद असेल तर हात चांगला सुधारेल, यंत्राची गरजच नाही. ताकद फारच कमी असेल तर एक ठोका देऊन बघायचे. स्नायूने उत्तर दिले तर मेंदूपासून हातापर्यंतचा रस्ता शाबूत आहे, मेहनतीला अर्थ आहे. फिजिओथेरपिस्टला मग नेमके काय शिकवायचे ते ठरवता येते. ही पद्धत पहिल्या दिवसांतली आहे, काकांची वेळ टळली. पण त्यांची बोटे स्वतःहून थोडी उघडतात, याचा अर्थ रस्ता तुटलेला नाही. हे आम्हाला फुकटात कळले.

आणि थोडी बोटे उघडणाऱ्यांसाठी एक साधी, यंत्राविना पद्धत आहे. चांगल्या हाताला दिवसभर जाड मोजा घालून ठेवायचा आणि आजारी हातालाच कामाला लावायचे, रोज कित्येक तास, दोन आठवडे. अमेरिकेत २२२ रुग्णांवर हिची चाचणी झाली, निकाल २००६ साली आला. फरक पडला आणि तो वर्षभर टिकला. मात्र हे घरी मनाने करू नये. काठी चांगल्या हातात असते. त्यालाच मोजा घातला तर माणूस मोरीत पडायचा. शिवाय, घरच्यांनी शिकून केलेला व्यायाम पुरतो का, याची भारतातच १४ रुग्णालयांत १,२५० रुग्ण घेऊन चाचणी झाली होती. २०१७ साली निकाल आला की तेवढ्याने मृत्यू आणि परावलंबन कमी झाले नाही. मला हे वाचून वाईट वाटले, कारण घरच्या मायेवर आपला फार भरवसा असतो. पण माया आणि तंत्र वेगळे. शिकलेला माणूस देखरेखीला लागतोच.

तो परवडणारा कुठे मिळेल? मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची, १९५५ सालापासूनची. याच कामासाठी ती आहे. आपल्या भागातून जाणे म्हणजे दादरला पूल चढून पश्चिमेची गाडी पकडणे आणि महालक्ष्मीला उतरणे. काठीवाल्या माणसाला त्रास आहे, नाही म्हणत नाही. ज्यांचे ईएसआयचे कार्ड चालू आहे त्यांनी उल्हासनगरच्या ईएसआय रुग्णालयात आधी विचारावे. काकांचे कार्ड कधी निघालेच नाही. कटिंग मास्तर असला तरी पगार वहीत, हजेरी तोंडी. आपल्या किती घरांची हीच गत आहे ते मी सांगायला नको.

चुंबकाचा उपचार घेऊ नका असे मी काकींना म्हटले नाही, तो अधिकार माझा नाही. त्यांच्या कागदाच्या मागच्या बाजूला मी काही प्रश्न लिहून दिले. डॉक्टर हा उपचार स्वतः सुचवतात का? लकव्याला नऊ महिने झाले, आता किती फायदा अपेक्षित आहे? ठोक्यांनंतर लगेच हाताचा सराव कोण करून घेणार, किती वेळ? काकांना एकदा फीट आली होती, ते यंत्रवाल्यांना सांगितले का? कारण या ठोक्यांनी क्वचित फीट येऊ शकते. पेसमेकर किंवा डोक्यात धातूची क्लिप असलेल्यांनी तर आधी सांगितलेच पाहिजे. आणि पहिल्या पाच बैठकांनंतर हात मोजून फरक नसेल तर उरलेले पैसे परत मिळतील का?

पोराने फोन लावून शेवटचा प्रश्न विचारला. पलीकडून उत्तर आले, "आधी येऊन तर भेटा."

पोत पुन्हा पदराच्या गाठीत गेली. सोमवारी मी अर्धी रजा टाकली आहे, काका, काकी आणि मी हाजी अलीला जाणार. काल रात्री काकी दारात येऊन विचारून गेल्या, सरावाला काय काय लागतं? मी म्हटले, ते तिथले लोक सांगतील. त्या म्हणाल्या, "खडू आणि यांची जुनी कात्री घेऊ का सोबत? दुसरं काही हातात धरायला हे तयार नाहीत."

घ्या म्हटले.